अक्कांचं शटर

शटर वर करण्याआधी अक्का त्याच्यावर तळहाताने थाप मारायच्या, गाईच्या पाठीवर मारावी तशी. "ऊठ रे राजा," म्हणायच्या आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई एका झटक्यात गॅरेजचं आख्खं शटर डोक्यावर न्यायच्या. त्या खडखडाटाने कोरमंगलातली आमची गल्ली जागी व्हायची.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नोकरीसाठी पुण्याहून आलेला, एकटा, कमी बोलणारा. त्यांचं घराणं इथलंच झालेलं, मराठीत कन्नड मुरलेलं, 'ठीक'ला त्या 'सरी' म्हणायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. वस्तूंशी गप्पा मारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अक्कांचं शटरशी जेवढं बोलणं व्हायचं तेवढं माझं ऑफिसात कुणाशी होत नसे.

राहायला आलो तेव्हाच त्यांनी माझी उंची बघून हातात ग्रीसचा डबा दिला. "वरपर्यंत हात पोचतो ना तुझा? मग हे काम तुझं." दोन्ही बाजूंच्या खाचा आधी कोरड्या फडक्याने पुसायच्या, मग बोटाने स्वल्प ग्रीस लावायचं, जास्त झालं की धूळ धरतं. वरच्या गुंडाळीत स्प्रिंगा असतात. शटरचं बहुतेक वजन त्याच पेलतात. त्या ताणून घ्यायला दरवर्षी गणपतीच्या आधी मेकॅनिक बोलवायचा, तेही काम माझंच. मी पुसत असताना अक्का खुर्ची टाकून बसायच्या.

"करकरतंय बघ. कुठे दुखतंय ते सांगतंय तरी. तू तेवढंही करत नाहीस. तोंडाने बोलावं रे माणसाने."

आतली जुनी पांढरी गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर अक्काच ती चालवू लागल्या. नात्यातलं कुणीही येवो, यशवंतपूर स्टेशनवर अक्का गाडी घेऊन हजर. "आपलं माणूस उतरणार आणि टॅक्सी शोधत हिंडणार? छे!"

एका सकाळी गाडी मागे घेताना त्यांनी कोपऱ्यावरचा शहाळ्यांचा ढीग उडवला. शहाळी रस्ताभर घरंगळली. शहाळेवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. "अय्यो, ब्रेकच दाबला होता की मी!" म्हणत अक्कांनी सगळी शहाळी विकत घेतली आणि गल्लीला पाजली. गल्ली हसली. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होतो. आरशात त्या माणसाचा चेहरा मी पाहिला होता.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन. "दादा, माझं ती ऐकत नाही. तुम्ही सांगा ना तिला, गाडी बंद कर म्हणून."

"बघतो," मी म्हणालो.

आता सांगूनच टाकतो. मी काही केलं नाही. म्हणजे खरोखरच काही केलं नाही. खाचा पुसल्या नाहीत, ग्रीस लावलं नाही, गणपती आले तरी मेकॅनिकला बोलावलं नाही. अक्कांनी विचारलं की "झालं" म्हणायचो. शटर जड होत गेलं, आणि मला तेच हवं होतं. जे मी तोंडाने सांगायचं ते शटर परस्पर सांगत होतं.

अक्का आधी दोन्ही हात लावू लागल्या, मग गुडघा टेकू लागल्या. एक दिवस थाप मारली, "ऊठ रे राजा" म्हणाल्या, जोर लावला. शटर हललं नाही. तळहात पदराला पुसून त्या आत गेल्या.

मला वाटलं, सुटलो. गाडी बंद झाली आणि वाईटपणाही आला नाही.

पण अक्का दुकानातून पोळ्या आणू लागल्या. "कणीक मळवत नाही रे." होळीच्या आधी पुरणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं. लोणच्याची बरणी उघडायला मला हाक मारू लागल्या. मी खाली जाऊन उघडून द्यायचो. झाकण सैलच असायचं.

मग सांगलीहून त्यांची धाकटी बहीण यायची ठरली. मी जिना उतरत होतो, अक्का फोनवर होत्या. "स्टेशनवरून टॅक्सी कर गं. मला नाही जमायचं. हातांत जीव राहिला नाही माझ्या."

मी तसाच आत गेलो. "अक्का, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. मी ग्रीस लावलेलं नाही. मेकॅनिकही बोलावला नाही. मुद्दाम."

त्यांनी फोन ठेवला. हात उलटेसुलटे करून पाहिले. आता घर सोडायला सांगणार, मी मनात म्हटलं.

"म्हणजे हात माझे सरी आहेत?"

"हो."

"मेल्या! ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या रे मी! कडूजहर!" आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. मी खालीच बसलो.

"पण का रे?"

"तुमच्या शेजारी बसायची मला भीती वाटते. आणि तुमच्या गाडीखाली कुणी येईल याची त्याहून जास्त." त्या घरात एवढं मी कधी बोललो नव्हतो.

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "मलाही वाटली होती त्या दिवशी. म्हणून तर सगळी शहाळी घेतली."

"मग बोललात का नाही?"

"तू कुठे बोललास!" त्या उठल्या. "ऊठ. डबा आण."

खाचांतला काळा थर खरवडायला आमची दुपार गेली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्प्रिंगा ताणल्या. अक्कांनी थाप मारली आणि शटर एका हाताने वर नेलं. मग तो हात तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. किल्ली मात्र त्यांनीच माझ्या हातात दिली, आणि बहिणीला आणायला यशवंतपूरला गाडी मी चालवली. त्या शेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक बसला सूचना देत होत्या.

पुढे आपणहून गाडी विकून अक्का पुण्याला मुलीकडे गेल्या. जाताना शेजारणीकडून पुरणयंत्र परत मागून घेतलं. गॅरेज आता रिकामं असतं, जमिनीवर तेलाचा एक डाग तेवढा आहे. तरी मी खाचा पुसतो, बोटाने ग्रीस लावतो. रविवारी त्यांचा फोन येतो.

"शटर काय म्हणतंय?"

"काही नाही अक्का. गप्प आहे."

"सरी. आणि तू?"

मग मी गॅरेजच्या पायरीवर बसतो आणि आठवडाभराचं सगळं सांगतो.