घमेल्यातलं तळं

"एकदा पाहिलंत ना? म्हणजे अजून काहीच पाहिलं नाहीत."

पाणथळ जागांच्या बातम्या कशा लिहाव्यात हे आम्हा पुण्यातल्या पत्रकारांना शिकवताना मॅडमचं पहिलं वाक्य हेच असायचं. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, खांद्याला झोळी, पायात रबरी चप्पल. एकाने पहिल्याच तासाला चहाची चौकशी केली, तर म्हणाल्या, "आपण आलात हेच खूप झालं, आता तहानही लागली का?"

मला ऑफिसने तिथे पाठवलं होतं, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं. उपसंपादकाचं काम उंटावरून शेळ्या हाकण्याचं. चिखलात उतरण्याचा प्रसंग कशाला येतोय? तुम्हीही अशा कार्यशाळांना नाखुशीने गेला असाल, तर माझा तेव्हाचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येईलच.

मॅडमचा नियम एकच. तळं हिवाळ्यात भरलेलं पाहायचं, उन्हाळ्यात कोरडं पाहायचं आणि मगच लिहायचं. त्यासाठी त्यांनी वाघोलीच्या पुढच्या एका गावातलं तळं निवडलं होतं. हिवाळ्यात आम्ही तिथे गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, बदकं पाहिली, सर्दी घेऊन परतलो.

आमच्यातली एक क्राइम रिपोर्टर त्या दिवशी कोर्टात अडकली होती. मे महिन्यात ती एकटीच जाऊन आली. भेगाळलेली जमीन पाहून तिचा जीव कळवळला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पेपरात ठळक मथळा आला, 'तळ्याचा मृत्यू'. क्राइमवाल्यांची सवय, प्रेत दिसलं की बातमी लिहायची.

आठवड्यात गावातून निरोप आला. तळं मेलंच आहे तर भराव टाकून मंगल कार्यालय बांधू, असा ठराव ग्रामसभेत येणार होता. राडारोड्याचे ट्रक काठावर येऊन उभे होते आणि ठराव मांडणारे तीच बातमी घरोघरी दाखवत होते.

रिपोर्टर डोळे पुसत वर्गात आली. आता हिची सालटी निघणार, म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

मॅडम म्हणाल्या, "रडून तळं भरणार नाही. आपल्याकडे घमेलं आहे का?"

दोघींनी तळ्याच्या तळाची सुकलेली माती आणली, घमेल्यात पसरली आणि वर पाणी ओतलं. वर्गाच्या खिडकीत ते घमेलं राहिलं. पहिले काही दिवस नुसतं गढूळ पाणी. मॅडम येता-जाता डोकावायच्या आणि परत जागेवर जाऊन बसायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "नाही काही आलं, तर गावाला काय सांगू हो?" टोमणे मारणाऱ्या त्या बाईंचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी रिपोर्टर खिडकीशी ओरडली. मातीतून हिरवे कोंब वर आले होते आणि पाण्यात तांदळाच्या कणीएवढे जीव उताणे पोहत होते. अंडी आणि बिया मातीत पाण्याची वाट पाहत पडून होत्या. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला.

ग्रामसभेत त्यांनी भाषण केलं नाही. घमेलं मधोमध ठेवलं, एवढंच. रिपोर्टर उभी राहून म्हणाली, "माझी बातमी चुकली. उद्या खरी छापते." पुढे बसलेल्या एका आजींनी घमेल्यात वाकून पाहिलं आणि मागे वळून ओरडल्या, "आरं, जित्तं हाय की तळं!"

मग एकेक जण वाकून पाहू लागला. ठराव बारगळला. ट्रक भरल्या पोटी माघारी फिरले, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क ड्रायव्हरांना हात केला.

आता मॅडम मुलीकडे बंगळूरला असतात. कार्यशाळा दुसरं कुणी घेतं, चहा वेळेवर मिळतो, आणि मला तिथे करमत नाही.

त्या ग्रामसभेहून परतताना बसमध्ये मॅडम बसल्या-बसल्या गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बस दर मिनिटाला धक्के खात होती. शेजारी रिपोर्टर मांडीवरचं घमेलं दोन्ही हातांनी धरून बसली होती. ओढणी चिखलाने भरली, तरी तिने त्यातलं पाणी फारसं सांडू दिलं नाही.