आईच्या हातचं कुंकू

गुलाबपाण्याचा वास आला की मी डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचते. बाबा गेल्यानंतरची ती पहिली संक्रांत. ताई तेव्हा एम.ए.ला जुन्या अमेरिकन कादंबऱ्या वाचायची. गाव काहीही म्हणो, स्वतःला पटेल तसंच वागणारी माणसं त्यांत असत, आणि ताई पोळ्या लाटता लाटता त्यांच्या गोष्टी आईला सांगायची. तिनेच हट्ट धरला, यंदाही हळदीकुंकू आईच करणार.

आई मोतिया साडी नेसून दाराकडे तोंड करून बसली. तिळगूळ, गुलाबदाणी, वाणाच्या स्टीलच्या वाट्या, सगळं मांडलेलं. जिन्यात बांगड्या वाजायच्या, आमच्या उघड्या दारापाशी बोलणं हळू व्हायचं आणि बायका वरच्या मजल्यावर निघून जायच्या.

दिवेलागणीला आई म्हणाली, "अगं, तुझ्या पुस्तकातली माणसं एकटी जंगलात जाऊन राहतात. मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय."

ताईचे डोळे भरले. ती आईसमोर बसली, कपाळ पुढे केलं. "नाही आल्या तर नाही आल्या. मला लाव."

आईने कुंकवात बोट बुडवलं. हात ताईच्या भुवईपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नको गं. तुझं काही वाईट झालं तर?"

शेजारणींवरचा माझा राग केव्हाच ओसरला. आई ते लाल बोट पदराला पुसतेय, पुसतेच आहे, एवढं मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.