करडीच्या तेलावरची लिफ्ट

अंबादासनं भंगारातल्या जीपचं इंजिन आणून घरच्या घरी ट्रॅक्टर जुळवायला घेतला, तेव्हा वाशीच्या बाजारात लोक त्याला थांबवून विचारायचे, "काय सायब, ट्रॅक्टर व्याला का न्हाय?" तोही पक्का. "दिवस भरत आलेत," म्हणायचा आणि चालू लागायचा.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची बैलजोडी गेली. तेव्हा तो तलावाच्या कामावर खडी फोडत होता. दगडांनी भरलेला टिपर पाठ कशी उचलतो, हे त्यानं तिथंच पहिल्यांदा पाहिलं. बाकीचे भाकरी खायला बसले की हा गडी टिपरखाली वाकून नळ्या न्याहाळायचा. पुढं सोसायटीचा ट्रॅक्टर आला, पण बौद्धवाड्याचा नंबर नेहमी शेवटी. तोवर लोकांच्या पेरण्या उरकलेल्या असत. चार एकर रान, अकरा वर्षं धड नांगरट नाही, कुंद्याचं तण माजलेलं. यंदा मृगाआधी नांगर फिरला नाही तर रान हातचं गेलं, हे त्याला कळत होतं.

नांगर नुसता ओढून भागत नाही. बांधाशी वळताना तो उचलावा लागतो. चौथी शिकलेल्या अंबादासनं त्यासाठी गुरांच्या दवाखान्यातून टाकून दिलेल्या काचेच्या दोन पिचकाऱ्या आणल्या, एक बारकी, एक दांडगी. रबरी नळीनं जोडून पाणी भरलं, दांडगीच्या दट्ट्यावर वरवंटा उभा धरला आणि बायकोला म्हणाला, "मुक्ते, बारकी दाब."

मुक्ताबाईनं अंगठ्यानं दाबली. वरवंटा बोटभर वर आला. तिनं अंगठ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"पाणी दबत न्हाय, म्हणून उचलतंय," तो म्हणाला. "टिपरात पाण्याच्या जागी तेल."

त्याच बेतानं त्यानं ट्रॅक्टरला पंप, नळ्या आणि लोखंडी दट्ट्या बसवून नांगर उचलणारी लिफ्ट जुळवली. तिला तेल लागतं एवढं ठाऊक होतं. कोणतं, हे वाड्यात सांगायला कुणी नव्हतं. घरात करडीच्या तेलाचा वर्षाचा डबा होता. मुक्ताबाईनं तो स्वतःच पुढं सरकवला. चटणी कोरडी खायची तिची तयारी होती. धन्य ती बाई!

पहिल्या दिवशी नांगर असा डौलात उठला, की अख्खा वाडा बघायला जमला. मग क्लच अडला. तो दुरुस्त होईस्तोवर वैशाखातले पंधरा दिवस गेले आणि आता लिफ्टच हलेना. अंबादासनं पंप तीनदा खोलला. मृग आठ दिवसांवर आला होता. शेवटी तो डोकं धरून बसला.

मुक्ताबाईनं दट्ट्या नखानं खरवडला. "अवं, ही तर कढईची चिकटी. करडीचं तेल उन्हात ऱ्हायलं की असंच बसतंय. पंपाचा काय दोष?"

अंबादासचं तोंड उतरलं. "सगळा डबा म्या मातीत घातला गं."

"रडायला येळ न्हाय. घासलेट आणा."

दोघांनी एकेक नळी घासलेटनं धुतली. लिफ्टचं खरं तेल मागायला अंबादास मान खाली घालून सोसायटीच्या ड्रायव्हरकडं, बलभीमकडं गेला. बलभीमनं डबा तर दिलाच, वर सोबत आला.

मृगाला दोन दिवस असताना रानात नांगराचं पहिलं तास पडलं. बांधाशी अंबादासनं दांडी ओढली. नांगर उठला आणि वळण संपेस्तोवर तसाच अधांतरी राहिला. मागं काळी माती उलथून पडली होती. मुक्ताबाई तासात अनवाणी उतरली. पाय घोट्यापर्यंत रुतले.

"लई मऊ लागतंय," ती म्हणाली, आणि डबा गेला तेव्हा न रडलेली बाई तिथं उभ्यानं रडली.