तळमजल्यावरच्या काकांचा फळा

मुलांनो, साऱ्या डोंबिवलीत टीव्हीबद्दलची सर्वांत खात्रीची माहिती ज्यांच्याकडे मिळायची, त्यांच्या घरी टीव्हीच नव्हता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे हे काका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते, पण ती निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती मानली. रोज सकाळी तांबडी पेन्सिल घेऊन ते वर्तमानपत्र तपासायला बसत आणि न पटणारी बातमी दिसली की छत्री उचलून चौकशीला निघत. एकदा शीळफाट्याजवळची रस्त्याखालची मोरी खचल्याचं वाचून ते बसने तिथे गेले, मोरीवर उभे राहून आले आणि जिन्याखालच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'मोरी जागेवर आहे.' तीन घरी विचारल्याशिवाय बातमी फळ्यावर जायची नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे ते आमच्याकडे चहाला येत, ते चहासाठी नव्हे. "वहिनी, साखर अर्धाच चमचा," म्हणता म्हणता आमच्या टीव्हीची साक्ष काढून जात.

नव्वद सालानंतर गच्च्यांवरून केबलच्या तारा आल्या. आमची तार खाडीकाठच्या एका तरुण कोळ्याची होती. बापाची होडी विकून त्याने डिश बसवली होती. पुढे एखादा चॅनेल पैशाचा झाला, बाकीचे फुकट राहिले, आणि कोणता कसला हे छापणाऱ्यांनाच कळेनासं झालं. एका स्थानिक पत्राने ठोकून दिलं की एक तारखेपासून सरकारी चॅनेल सोडून सगळे बंद, घरोघरी टीव्हीला जोडायची वेगळी पेटी घ्यावी लागणार. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी धसका घेऊन चार दिवसांत इतके सिनेमे पाहिले की त्यांच्याकडची आमटी रोज करपायची. काका केबलवाल्याच्या खोलीवर गेले, सगळं डोळ्यांनी पाहून आले आणि फळ्यावर लिहिलं, 'बातमी चूक. पैशाचा चॅनेल एकच, इंग्रजी सिनेमांचा. त्याची पेटी केबलवाल्याकडे असते. घरी काही आणू नये.' आजींनी फळ्यालाच हात जोडले.

अशा माणसाची एकदा चूक झाली, ती माझ्या गोधडीमुळे. त्याच पत्रात आलं की केबलवाले फुकटचे चॅनेल मुद्दाम बंद पाडतात आणि पैशाचे म्हणून विकतात. नेमके त्या रविवारी दुपारी आमच्याकडचे सगळे चॅनेल गेले. केबलवाला लग्नाला खडवलीला गेलेला. काका तीन घरी फिरले, तिन्ही पडद्यांवर मुंग्या पाहिल्या आणि लिहिलं, 'बातमी खरी. आपल्याकडेही तेच.' काकांनी लिहिलं म्हणजे संपलंच! संध्याकाळपर्यंत आमच्यासह चार इमारतींनी त्याची तार काढून दुसऱ्याची घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडे एवढ्याच इमारती होत्या, आणि होडी तर गेलेलीच.

केबलवाला दिवेलागणीला परतला, फळा वाचला आणि थेट गच्चीवर चढला. मीही मागोमाग गेले. माझी ओली गोधडी त्याच्या तारेवर वाळत होती. ती तार छान सरळ ताणलेली, म्हणून मी सकाळी तिथेच घातली होती. गोधडीच्या ओझ्याने सांधा निसटला होता. मी खाली येऊन काकांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. "तीन घरं विचारली हो, वहिनी. पण तिघांची तार एकच होती!"

केबलवाला दारात उभा होता. "काका, पेपरात आला त्याचा मना काय नाय. पन तुमी लिवला, ता लागला."

काकांनी फळा पुसला आणि आधीच्या दुप्पट मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आज येथे चूक छापली. चॅनेल कोणी बंद केले नव्हते. तार निसटली होती. चौकशी कच्ची होती, ती माझी.' "माझ्या गोधडीचं लिहा की," मी म्हटलं. "गोधडीने बातमी दिली नव्हती, वहिनी," ते म्हणाले. मग चारही इमारतींचे जिने चढून त्यांनी दारोदार तेच सांगितलं. गुडघे धरून एकेका मजल्यावर थांबत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे होते. त्या पत्राने आपली चूक कधी छापली नाही. आमच्या जिन्याखाली मात्र दुरुस्ती आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत पाहुणा आला की मी त्याला आधी फळा दाखवी, मग चहा.

तार राहिली. केबलवाल्याने काकांना टीव्ही आणि जोडणी फुकट देऊ केली. काका म्हणाले, "तुझं फुकट घेतलं, तर तुझी बातमी मी कशी तपासणार रे?"

काका गेले त्या सकाळी मी खाली उतरले, तेव्हा केबलवाला फळ्यापुढे खडू घेऊन उभा होता. अक्षर वेडंवाकडं होतं. 'तळमजल्यावरचे काका पहाटे गेले.' त्याखाली त्याने बारीक लिहिलं होतं, 'तीन वेगवेगळ्या घरी विचारलं. बातमी खरी आहे.'