फोटोतली कापलेली कड

शहरातल्या सदर भागातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात कॅमेरा आला तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्या वयात माणसाला नवं खेळणं मिळालं की काय होतं, ते मी स्वतःवरच पाहिलं आहे. दातांचे फोटो कसे काढायचे याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि घरीदारी तेच बोलत सुटले. भिंगाभोवतीचा गोल फ्लॅश, ओठ दोन्ही बाजूंना ताणून धरायचं पारदर्शक प्लास्टिक, गालाच्या आत सरकवायचा लांबट आरसा. आरशावर श्वासाची वाफ धरू नये म्हणून तो आधी गरम पाण्यात बुडवायचा, हे तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. माझ्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या मदतनीस बाई एकदा म्हणाल्या, की आपल्याकडे लोक दात दाखवायला येतात की लग्नाचा अल्बम करायला? मी त्यांच्यावर खेकसले. माझा स्वभावच तसा आहे, खरं बोललेलं मला लगेच झोंबतं.

फोटोचा उपयोग नाही, असं मी आजही म्हणणार नाही. ज्या माणसाने स्वतःची मागची दाढ जन्मात पाहिलेली नसते, त्याला पडद्यावर तिचं खिंडार दाखवलं की तो वाद घालत नाही. नवीन दात बनवणाऱ्याला मूळ दाताचा रंग बरोबर कळतो. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मग ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे जोडीने फोटो लावायची चटक लागली. बाहेरच्या खोलीत टीव्हीसारखा एक मोठा पडदा आला, त्यावर दिवसभर लोकांचं हसू सरकत राहायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी फोनवर वाहवा केली की दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नसत.

कॉलेजात आमचे एक सर होते. ते म्हणायचे, दात सगळ्यात शेवटी बघायचे. आधी दोन्ही गाल आतून, मग जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, आणि नुसतं बघायचं नाही, बोट फिरवायचं. आमच्या शहरात हे सांगायला सर तरी कशाला हवेत? इथे चौकाचौकात प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा बनत असतो. आधी गाल, मग दात, हे इथल्या दंतवैद्याच्या हाताला न सांगता कळायला हवं. वीस-बावीस वर्षं माझ्या हाताला ते कळत होतं. कॅमेरा आल्यावर मी पेशंट खुर्चीत बसला की ओठ ताणायची, आठ फोटो काढायची आणि ते पडद्यावर मोठे करून बघायची. फोटोत सगळं आलंच आहे, मग वेगळं कशाला तपासायचं, असं वाटायला लागलं. बोट फिरवणं कधी बंद पडलं ते मला सांगतासुद्धा येणार नाही.

त्याच दिवसांत कळमेश्वरहून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. नवरा तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता, तोही सोबत होता. दोन महिन्यांवर मुलीचं लग्न आलं होतं आणि बाईंचे समोरचे चार दात किडून काळे पडले होते, त्यातले दोन अर्धे तुटलेले. बोलताना त्या पदर तोंडावर धरायच्या. लग्नाच्या फोटोत तोंड मिटून उभं राहायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला त्या फार आवडल्या. लेकीच्या लग्नात हसता यावं म्हणून कळमेश्वर ते सदर खेपा घालणारी बाई कोणाला आवडणार नाही?

मदतनीस बाई कागद भरून घेत होत्या. तंबाखू-सुपारीची काही सवय आहे का, या प्रश्नावर कळमेश्वरच्या बाई नवऱ्याच्या शेजारी बसून ‘नाही’ म्हणाल्या. पुरुष पेशंट असला तर मी हा प्रश्न दोनदा विचारते, एकदा घरच्यांसमोर आणि एकदा खुर्चीत एकटा असताना. यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. नीट चापूनचोपून साडी नेसलेल्या, पदराआडून बोलणाऱ्या बाईला खर्ऱ्याचं काय विचारायचं, असं मनात आलं असावं. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नव्हता. मला फोटो काढायची घाई होती.

समोरच्या चारही दातांवर कॅप छान बसल्या. लग्न झालं, त्यांनी मला फोटो पाठवले. मांडवात लेकीच्या खांद्यावर हात ठेवून त्या तोंडभर हसत होत्या. मला भरून आलं, आणि पाठोपाठ माझ्यातला फोटोग्राफर जागा झाला. त्यांना विचारून, त्यांची सही घेऊन मी त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो पडद्यावर लावले. त्यांनी आनंदाने हो म्हटलं होतं. लावण्याआधी नेहमीप्रमाणे फोटो सरळ केले, रंग उजळला आणि ओठांच्या पलीकडचा फापटपसारा कापून टाकला.

आठेक महिन्यांनी त्या परत आल्या, या वेळी लेकीबरोबर. डाव्या गालात तिखट लागलं की आग होते, आता तर साधी भाजीही खाववत नाही, म्हणाल्या. या वेळी माझं बोट आपोआप गालात गेलं. जखम होती आणि तिच्या कडा कडक लागल्या. मी मागे वळून हातमोजे काढत बसले. दुसऱ्याच दिवशी त्यांना तुकडा काढून तपासायला पाठवलं. जे नको होतं तेच आलं. कॅन्सर.

रिपोर्ट घेऊन लेक एकटीच माझ्याकडे आली. आई वीस वर्षांपासून खर्रा खाते, बाबा ड्युटीवर गेले की, आणि त्यांना अजून माहीत नाही, असं तिने खाली मान घालून सांगितलं. ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. लाज वाटते, पण लिहिते. म्हणजे त्या माझ्याशी खोटं बोलल्या होत्या, मी काय करणार? असलं समाधान फार वेळ टिकत नाही, तेही टिकलं नाही.

त्या दुपारी मधल्या वेळेत मी त्यांचे जुने फोटो उघडले. न कापलेले, जसे काढले तसे. डाव्या बाजूचा, आरशातून घेतलेला फोटो आला आणि मी मोठा करायच्या आधीच मला ते दिसलं. दाढांच्या मागे, गालाच्या आतल्या बाजूला, नखाएवढा पांढरा खडबडीत चट्टा, मध्ये लाल ठिपके. शिकाऊ पोरालाही ओळखता येईल असा. शेजारी मी तयार केलेला फोटो ठेवून पाहिला. माझी कापलेली रेघ चट्ट्याच्या थोडी अलीकडून गेली होती. त्या दिवशी ह्याच फोटोपुढे मी दातांच्या रंगासाठी अर्धा तास घालवला होता. हसण्याच्या आड येणारी कड म्हणून मी तो चट्टा माझ्या हाताने कापला होता आणि उरलेलं दाखवून वाहवा मिळवली होती. मी उठून आधी बाहेरचा पडदा बंद केला. मदतनीस बाईंनी काय झालं विचारलं, तर त्यांच्यावरच ओरडले.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ज्या दवाखान्यात ऑपरेशन होणार होतं तिथले डॉक्टर जुने फोटो मागत होते. चट्टा मूळचा कुठपर्यंत होता आणि किती वेगाने वाढला हे कळलं, तर गालाचा आणि जबड्याचा किती भाग काढायचा ते ठरवायला त्यांना मदत होणार होती. लेकीने मला विश्वासाने विचारलं, कारण माझ्याकडे फोटो असतात हे तिला माहीत होतं.

मी पाठवले. कापलेले, उजळलेले, पडद्यावरचे.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी स्वतःला सांगत राहिले की मागितले ते फोटो दिले, खोटं तर काही बोलले नाही. पण चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की दचकायची, कोणी ‘मॅडम, जरा बोलायचं होतं’ म्हटलं की काहीतरी काम काढून आत जायची. एका ज्येष्ठ दंतवैद्यांना मी आडून विचारलं, पेशंट आपलाच आहे हे न सांगता. ते म्हणाले, उगाच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, बाईंनी सवय लपवली होती ना? मी त्यांच्यावर भडकले आणि फोन ठेवला. मला नेमकं तेच ऐकायचं होतं, राग त्याचाच आला होता.

मला भीती कशाची होती? नावाची, होय. लोक काय म्हणतील याचीही. पण त्याहून जास्त त्या बाईंच्या तोंडाकडे बघायची होती. दोन दिवस मी असे काढले. तिकडे ऑपरेशनचा दिवस जवळ येत होता आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात माझा खोटा फोटो होता.

शेवटी रविवारी सकाळी मी न कापलेला फोटो तिथल्या डॉक्टरांना पाठवला. कधी काढला तेही लिहिलं, आणि चट्टा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही, असं एका ओळीत लिहिलं. ती ओळ लिहायला मला तासभर लागला. मग गाडी काढली आणि कळमेश्वरला गेले.

घरी तिघंही होते. लेक माहेरीच राहायला आली होती. तिने चहा केला. खर्ऱ्याचं एव्हाना नवऱ्याला कळलेलं होतं, दवाखान्यात लपून राहत नाही. मी टॅबवर फोटो उघडून मधल्या स्टुलावर ठेवला.

“ताई, हा डाग तेव्हाच होता,” मी म्हणाले. “माझ्या फोटोत आहे. मी पाहिला नाही. बघायचं काम माझं होतं.”

नवऱ्याने फोटो जवळ ओढून बघितला. मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, “मॅडमच्या दवाखान्यात विचारलं होतं, तवा काहून नाही सांगितलं वं?”

मी म्हटलं, त्यांना विचारू नका. त्यांनी सांगितलं नाही तरी मला दिसायला हवं होतं, त्यासाठी बोट फिरवलं असतं तरी पुरे होतं. लेकीने विचारलं, तेव्हाच दिसलं असतं तर आई वाचली असती का? मी म्हणाले, तेव्हा बहुतेक छोट्याशा ऑपरेशनने भागलं असतं, आताही त्या वाचतील असं डॉक्टरांना वाटतं, पण नक्की मी सांगू शकत नाही. ती उठून आत गेली.

त्या वाचल्या. आज आहेत. पण डाव्या गालाचा मोठा भाग गेला, तोंड दोन बोटांएवढं उघडतं आणि बोललेलं घरच्यांनाच कळतं. म्हणून त्या रविवारी त्या जे बोलल्या ते मला शब्द न् शब्द आठवतं. त्यांनी टॅब मांडीवर घेतला, दोन बोटांनी तो चट्टा मोठा केला आणि शांतपणे बघितला. नवऱ्यासमोरच बोलल्या, आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

“मले तं मालूम होतं, मॅडम. जीभ लागली का खरखर करे तिथं. दात तं करायचेच होते, पन म्हनलं, त्याच्यासंगं हेही दिसून जाईन डॉक्टरले. ह्यांच्यासमोर मले बोलता येत नव्हतं. तुमी आरसा घालून फोटो काढले, मोठे करकरून पाह्यले, अन् काहीच नाही बोलल्या. मी म्हनलं, एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यानं पाह्यलं, काही असतं तं दिसलंच असतं. लई हलकं वाटलं मले. त्या दिवसापासून मी तिथं जीभ लावनंच सोडून देल्लं.”