जित्त्या माणसाचा टाक

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. बैलगाडीत एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी, आणि गावाकडे पाठ करून बसलेली माझी बायको, दौलतची माय. दौलत तेव्हा जन्मलाही नव्हता, पण आता तिचं दुसरं नाव माझ्या तोंडी येत नाही. पिंपळनेरच्या अलीकडून धुळ्याचं स्टेशन गाठायचं, तिथून चाळीसगाव, तिथून भुसावळ. माझा थोरला भाऊ नाना ओट्यावर उभा होता. कानात कालचा रंग तसाच.

तो ओरडला, "जाय, जाय! पन ध्यानमां ठेव, बसाडेल देव उठाडता येत नही!"

मी गाडीतूनच म्हटलं, "मंग मालेबी देव्हारामां बसाड. बठा बठा नैवद खाई ऱ्हासू!"

गाडीवान हसला. ती हसली नाही.

भांडण माझ्या टाकाचं होतं. गावात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही. पण सुरतेला, नाशिकला, मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांची पोरं आता विचारतात, टाक म्हणजे काय, म्हणून लिहितो. घरातला गडी लढाईत मेला की त्याचा चांदीचा पत्रा करतात, वर घोड्यावरचा स्वार ठोकलेला. तो देव्हाऱ्यात बसवायचा. धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत घालून, ताटात ठेवून, ढोल लावून होळीभोवती नाचवायचा आणि नदीवर आंघोळ घालून परत आणायचा. त्याला वीर म्हणतात. वीराची वर्षातून तेवढीच एक मिरवणूक. बाकीचे दिवस तो धुरात बसून असतो.

आमच्या घरातून पिढीला एक तरी गडी पलटणीत जातो. आजा गेला, आला नाही. चुलता गेला, आला नाही. बाप आला, पण एक पाय अधू करून, आणि परत आल्याची त्याला जन्मभर लाज वाटली. "आपला घरना गडी खाटवर मरत नही," असं तो म्हणायचा. शेवटी खाटेवरच मेला, आणि मरताना त्या खाटेलाच शिव्या देत होता.

मग माझी पाळी आली. पहिल्या लढाईत मी बसऱ्याला गेलो. लोक म्हणतात लढायला गेला. म्हणू देत. मी खेचरं हाकत होतो. चार अक्षरं मी तिथंच शिकलो, एका नाईकानं कान पिळून शिकवली. मग तापानं पडलो, महिन्यांमागून महिने दवाखान्यात, पत्रं थांबली. कोणीतरी परत आलेल्यानं गावात सांगितलं की तो गेला. त्याच सुमाराला नानाच्या म्हशीनं दूध चोरलं. भगताला विचारलं. भगत म्हणाला, घरातला वीर जागा मागतोय. झालं! म्हैस दूध देईना म्हणून मी मेलो. सोनाराकडून घोड्यावरचा स्वार ठोकून आणला. मी जन्मात घोड्यावर बसलो नाही. आम्हाला खेचरावरसुद्धा बसू देत नसत.

एकटी दौलतची माय आडवी आली. तिनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. "मना नवरा जित्ता शे. जित्ताना कोन वीर करस?" सगळे म्हणाले, हिचं डोकं फिरलं. दोन धुळवडी मला नाचवलं आणि दोन्ही वेळा ही घरात दार लावून बसली.

मी आलो तेव्हा ती विहिरीवर होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "उनात?" आलात का, एवढंच. मग वाकून घागर भरून घेतली. भरल्याशिवाय कशी येईल? माझ्यापुढे चालत घरी आली.

नाना माझ्या गळ्यात पडून रडला, हे खोटं सांगणार नाही. पण टाक काढायला तयार नाही. म्हैस पुन्हा दूध देत होती ना! पुढची धुळवड आली. मला वाटलं, आता तरी वगळतील. कुठलं! ताटात तीन टाक, नाना मला घेऊन होळीभोवती नाचतोय, आणि मी पाराजवळ उभा राहून बघतोय. बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. कारटी मागून ओरडताहेत, "जित्ता वीर! जित्ता वीर!" दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली.

भुसावळात मला कोणी वीर म्हटलं नाही. "ए खलाशी" म्हणाले. फार बरं वाटलं. लोको शेडात ड्यूटी, भोंग्यावर उठायचं, कोळशानं काळं होऊन यायचं. एका खोलीचं क्वार्टर. नळावर तिच्या शेजारी एक मद्राशीण, एक गोवेकरीण, आणि यावलकडची एक केळीवाल्यांची बाई. त्या बाईची बोली आमच्याहून निराळी. दोघी एकमेकींच्या बोलीला खुशाल हसायच्या. सहा महिन्यांत हिला सिग्नल पडल्याचा आवाज ओळखू यायला लागला. गावाला लग्नकार्यापुरतं जायचो. देव्हाऱ्याकडे मी बघत नसे.

दोन पोरं गेल्यावर दौलत जगला. मॅट्रिकला बसला आणि पडला. मी शेडातल्या फोरमनकडे शब्द टाकून ठेवला होता, पण दर दिवाळीला नाना विचारायचा, "या पिढीना गडी कोन?" माझ्याकडे बघून नाही, पोराकडे बघून. दुसरी लढाई लागली आणि पोरानं जाऊन नाव घातलं. मोटार चालवायला घेतलं त्याला.

ती मला म्हणाली, "तुमी काही बोला ना!"

मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. बापाचा अधू पाय आणि त्याची लाज माझ्या डोळ्यांपुढे होती. नको म्हटलं असतं तर पोर राहिलं असतं. हे मी आता लिहितो. तेव्हा वर तोंड करून म्हणायचो, घराण्याची चाल आहे.

मग ब्रह्मदेशातून कागद आला. बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही. कागद लिहिणाऱ्यानं सुटका करून घेतली आणि आम्हाला अडकवलं. मी खाली बसलो. ती मात्र चूल पेटवायला गेली. म्हणाली, "तुमनाबी टाक करेल व्हता ना? मंग? उनात ना तुमी?"

मी उठून सरपण आणून दिलं.

लढाई संपली. साक्रीकडचा शंकर, दौलतच्या गाडीवरचा जोडीदार, एका दुपारी मला भेटायला आला. घरी नाही, शेडात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाण्याच्या टाकीखाली बसलो. तो म्हणाला, एका नदीकाठी बांबूच्या बनात दौलत गेला, आणि माती शंकरनंच स्वतःच्या हातानं लोटली. गळ्यातला ताईत काढून आणला होता, तो नदी ओलांडताना त्याच्याकडून गेला. त्याबद्दल माफी मागत होता. तेवढ्याबद्दलच. "काकीले तुमीच सांगा," म्हणाला, आणि डबा न उघडता निघून गेला.

घरी आलो. ती म्हणाली, "शेडमां कोन ऊनथा?" हिला कसं कळायचं देव जाणे.

मी म्हटलं, "कोनी नही."

तिथून पुढं वर्षभर मी खोटा वागलो. तेव्हा फौजेच्या गाड्या जंक्शनावरून जायच्या, जपान्यांच्या कैदेतून सुटलेली पोरं असायची, एकेकाच्या अंगावर नुसती हाडं. ती भाकरी आणि ठेचा बांधून फलाटावर जायची आणि डब्याडब्यापाशी थांबून तोंडं बघायची. मी बरोबर जायचो. भाकरीची दुरडी मी धरायचो. माहीत असून धरायचो. एकदा तिनं एका पोराला मागून "दौलत" म्हणून हाक मारली, त्यानं वळून बघितलं, आणि मी त्या पोरावरच खेकसलो. त्याचा काय गुन्हा होता?

गेल्या कार्तिकात छातीचं दुखणं होऊन ती गेली. खाटेवर. शुद्ध होती तोवर म्हणत होती, "तो ऊना ते त्याले बोलू नका." मी मान हलवली.

तिचं कार्य उरकतं न उरकतं तोच गावाहून पत्र. नानानं त्याच्या पोराकडून, माझ्या पुतण्याकडून, लिहवलेलं. दौलतचा टाक करून ठेवला आहे, धुळवडीला या, आता अडवणारं कोणी नाही. आता अडवणारं कोणी नाही! माझ्या घरात माणूस मेलं, आणि यांचा रस्ता मोकळा झाला. मी ते पत्र किती वेळा फेकलं आणि किती वेळा उचललं.

यंदाच्या धुळवडीला गेलो, तो भांडायलाच. वाटेत शब्द जुळवत होतो. नानाला आता दिसत नाही, डोळ्यांत फुलं पडलीत. ओट्यावर बसून त्यानं माझा हात चाचपला.

मी म्हटलं, "तुले कोनी सांगं तो मेला? कागदमां बेपत्ता लिखेल शे."

त्यानं माझा हात सोडला नाही. मग म्हणाला, "तुनी येळले मी चुकनू. कोनले इचारं नही. म्हनीसन यंदा तुले इचारस. तू सांग. तू नही म्हनशी ते टाक नदीमां सोडी देसू."

इतक्या वर्षांत हा माणूस 'चुकलो' म्हणाला नव्हता. म्हणाला तेही नेमका तेव्हाच, जेव्हा मला त्याच्याशी भांडायचं होतं. आता मी काय करू? नाही म्हणालो असतो तर तिची बाजू राहिली असती. पण मग शंकरनं लोटलेली ती माती? ती कोणाची?

"मेला," मी म्हटलं. तोंडातून पहिल्यांदा तो शब्द गेला. नानाला ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हटलं. आतून वहिनीनं हंबरडा फोडला.

ताट मीच घेतलं. गुडघे गेलेत, नाचणं कसलं, पाय ओढत पाच फेरे केले. टाकावर पुन्हा घोडाच. पोरगा मोटार चालवायचा, एवढं तरी सोनाराला सांगायचं! तालुक्याहून एक टोपीवाले गृहस्थ आले होते. मला हार घातला आणि म्हणाले की इंग्रज आता जाणारच, पण वीरांची परंपरा राहील, पुढच्या पिढीनंही अशीच सेवा द्यावी. नानाचा नातू शेजारीच उभा होता; मी हार काढून त्याच्या नाही, बैलाच्या गळ्यात घातला. लोकांना राग आला. येऊ दे. मेलेल्याला मान द्यायचा तर द्या, मी कुठं नको म्हणतो? पण त्या मानाकडे बोट दाखवून दुसरं पोर मागू नका.

नाना म्हणतो, आता इकडेच ये, तिकडे तुझं कोण आहे? तुम्ही सगळेही पत्रांतून तेच विचारता. रेल्वेचं क्वार्टर नोकरीबरोबर सुटलं, भाड्याची खोली आहे, पेन्शनीचा म्हातारा, गावात ओटा आहे, भाऊ आहे. बरोबर आहे तुमचं.

पण ऐका. ती शेवटची चार वर्षं एकदाही गावाला आली नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नाला आली नाही. तुम्ही तिला नावं ठेवली. मी विचारलं की म्हणायची, "दोन्ही जन गयात आनि तो ऊना ते? कुलूप दखीन कोठे जाई तो?" म्हणून मी एकटा यायचो आणि ती दार उघडं ठेवून घरी राहायची.

आता ती नाही. तो येणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मीच पाच फेरे घेतले. तरी नदीवरून परत आल्यावर मी नानाकडे जेवलो नाही, पहिली मोटार धरून धुळ्याला आलो. पुतण्या मागून हाका मारत होता, काका, एवढी घाई कसली?

त्याला काय सांगू? खोलीला कुलूप होतं.