केळीच्या राखेतलं धोतर

केळीची वाळकी पानं कुणी जाळली, की तो उग्र धूर नाकात शिरतो आणि मला सावद्यातलं आमचं अंगण आठवतं. मी तेव्हा नवी सून होते. दुसऱ्या दिवशी नणंदेला बघायला जळगावचे पाहुणे येणार होते, आणि सासऱ्यांचं एकुलतं एक धड धोतर शेतातल्या काळ्या मातीलाही लाजवत होतं. सासूबाई करवादल्या, "साबनाले पैसा नाही. पाहुने धोतर पाहूनच माघारी जातीन!" मी केळीची पानं जाळली, राख पाण्यात भिजवून वरची निवळी घेतली, धोतर त्यात बुडवलं आणि दगडावर असं आपटलं, की तिकडे सोनगीरच्या किल्ल्याचा एखादा चिरा नक्की निखळला असेल. सकाळी सासरे ओट्यावर बसले, तर बगळे त्यांना आपलाच भाऊबंद समजून शेजारी येऊन उतरले! पाहुणे आले आणि मुलाच्या वडिलांनी डोळे बारीक करून विचारलं, "आबा, साबन कोनता वापरता?" सासऱ्यांनी धोतराचा सोगा हळूच पायाखाली ओढून घेतला. सासूबाई मात्र ताठ मानेनं म्हणाल्या, "साबन कशाले लागते? घरात सून हाय न आमची!" लग्न तिथंच ठरलं. सासूबाई पक्क्या काटकसरी. माझं कौतुक त्यांनी जन्मात तेवढं एकदाच केलं. मी ते अजून पुरवून पुरवून वापरते.